युनिक्समधील प्रतीक्षेचा इतिहास

प्रोग्रॅमला फाइल वाचायची असो वा नेटवर्कवरून आलेला मजकूर घ्यायचा असो, त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, त्याला जी मागणी करावी लागते तिला सिस्टीम कॉल म्हणतात. आणि मागणी पुरी होईपर्यंत जो कॉल प्रोग्रॅमला जागचा हलू देत नाही तो ब्लॉकिंग कॉल होय. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या युनिक्समध्ये ‘रीड’ आणि ‘राइट’ हे कॉल याच जातीचे होते. त्या काळी तो दोष नव्हता. एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत असल्याने डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, कर्नल झोपवी, दरम्यान प्रोसेसर दुसरीला देई, आणि डिस्कचे काम झाल्याची खूण मिळताच पहिलीला जागे करी. त्यामुळे यंत्र रिकामे राहत नसे आणि सी भाषेत लिहिणाऱ्याला एका ओळीखाली दुसरी ओळ असा सरळ विचार करता येई. डिजिटल कंपनीच्या १९७७ सालच्या व्हीएमएस प्रणालीने मागणी रांगेत टाकून लगेच पुढे जाण्याची सोय दिली होती. युनिक्सने मात्र साधेपणा पत्करला, आणि ती निवड योग्यच होती.

अडचण उभी राहिली ती एकाच प्रोसेसला अनेक दारांवर लक्ष ठेवावे लागले तेव्हा. बर्कली विद्यापीठातून १९८३ मध्ये आलेल्या ४.२बीएसडी या आवृत्तीने सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीची दारे, आणि त्यांच्या जोडीला ‘सिलेक्ट’ हा कॉल दिला. कोणत्या सॉकेटवर मजकूर येऊन पडला आहे हे त्यातून कळे, म्हणून न अडखळता नेमके तेवढेच वाचता येई. पुढे ‘पोल’, फ्रीबीएसडीतील ‘केक्यू’ (२०००) आणि लिनक्समधील ‘ईपोल’ (२००२) यांनी हीच कल्पना हजारो जोडण्यांपर्यंत नेली.

या साऱ्या मार्गांत एक उणीव मात्र तशीच राहिली. डिस्कवरील साधी फाइल ‘सिलेक्ट’च्या लेखी सदैव तयारच असते, तिच्यावर न थांबण्याचा ध्वज लावला तरी त्याचा व्यवहारात उपयोग होत नाही, आणि मजकूर स्मृतीत नसेल तर ‘रीड’ करणारा प्रोग्रॅम झोपी जातोच. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या १९९३ च्या पॉझिक्स प्रमाणकाने असिंक्रोनस, म्हणजे मागणी नोंदवून पुढे जाऊ देणारे, वाचन-लेखन आणले खरे. पण लिनक्सवरील जीलिबसी या सी ग्रंथालयाने त्या कॉलमागे गुपचूप थ्रेडच, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कार्यधाराच, कामाला लावले. लिनक्स २.६ च्या कर्नलमधील स्वतंत्र व्यवस्था मुख्यतः कर्नलची कॅश टाळून थेट डिस्कशी व्यवहार करणाऱ्यांच्या, म्हणजे डेटाबेसवाल्यांच्या, उपयोगी पडली.

म्हणून सीमध्ये लिहिणाऱ्यांनी तात्पुरता समजला गेलेला जो मार्ग धरला, तोच टिकला. थ्रेडांपैकी काही केवळ ताटकळण्यासाठी राखून ठेवायचे. मुख्य थ्रेड काम रांगेत टाकतो, मोकळा थ्रेड ते उचलतो, ‘रीड’ करतो आणि मुख्य थ्रेडऐवजी स्वतः झोपतो. जागा झाल्यावर तो निकाल नोंदवतो, आणि त्यासोबत ‘एररनो’ ही त्रुटीची खूणही उतरवून ठेवतो, कारण ती प्रत्येक थ्रेडची वेगळी असते आणि विसरली तर मुख्य थ्रेडला अपयशाचे कारण कधीच कळत नाही. मग तो एका पाइपमध्ये अवघा एक बाइट लिहितो; पाइपच्या दुसऱ्या टोकाशी ‘सिलेक्ट’मध्ये थांबलेला मुख्य थ्रेड त्या एका बाइटने जागा होतो. फाइल वाचनाचा मूळचा ब्लॉकिंग कॉल अशा रीतीने नेटवर्कच्या घटनांच्या पंक्तीला येऊन बसतो. या युक्तीइतकी सुबक गोष्ट या इतिहासात क्वचितच आढळते. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसच्या पायाशी असलेले लिबयूव्ही हे ग्रंथालय फाइलींची कामे आणि यंत्रनावांचे पत्ते शोधण्याचे काम अशाच थ्रेडांकडे सोपवते. त्यांची संख्या वेगळे सांगितले नसेल तर चार असते.

मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत येन्स अॅक्सबो यांचे ‘आयओ-युरिंग’ आले. त्यात प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या सामाईक स्मृतीत दोन वर्तुळाकार रांगा असतात, एक मागण्यांची व दुसरी निकालांची, आणि त्यामुळे साध्या फाइलीही अखेर या व्यवस्थेत सामावल्या. तरीही जी मागणी न थांबता पुरी करता येत नाही, ती पार पाडण्यासाठी कर्नल स्वतःचे कामकरी थ्रेड उभे करतो, आणि तेथे ते थ्रेड झोपतात.