गाडी आली, पण आपल्यासाठी कधी थांबली?

आज आपण रोजच्या लोकलविषयी बोलणार आहोत. पापडीहून बस किंवा रिक्षा धरायची, वसई रोड स्टेशन गाठायचं आणि गर्दीतून चर्चगेटला उतरायचं. ही वाट किती जुनी आहे, आणि आपल्या लेकी तिच्यावरून शिकायला कधी जाऊ लागल्या, ते पाहू या.

आधी नावाची गंमत. स्टेशनला नुसतं ‘वसई’ न म्हणता ‘वसई रोड’ का म्हणतात? गाव स्टेशनपासून लांब असलं की रेल्वेवाले नावापुढे ‘रोड’ लावत. म्हणजे इथे उतरा, गाव पुढे रस्त्याने गाठा. किल्ला, पापडी, जुनी वसई सगळं पश्चिमेला, आणि रूळ मात्र पूर्वेकडून गेले. ते शेवटचे काही मैल आजही आपल्या पायांना ठाऊक आहेत.

हे रूळ मुंबईहून इकडे आले नाहीत, गुजरातकडून आले. बी.बी.सी.आय. नावाची कंपनी होती. तिची पहिली गाडी १८६० मध्ये अंकलेश्वरकडे सुरू झाली. मग वसईची खाडी ओलांडून रूळ १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी लोकल सुरू झाली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. सकाळची चुकली, तर दिवस गेला!

त्या गाडीच्या थांब्यांत खाडीतलं पाणजू बेटही होतं. आज पुलावरून शेकडो गाड्या त्या बेटावरून जातात, पण एकही तिथे थांबत नाही. हे बेट मला नेहमी विचारात पाडतं. गाडी दारावरून जाणं वेगळं आणि ती आपल्यासाठी थांबणं वेगळं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. मुंबईच्या जुन्या कोटाला तीन मोठे दरवाजे होते. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो चर्चगेट. १८६० नंतरच्या काही वर्षांत कोट पाडला, दरवाजाही गेला. त्या जागी आज फ्लोरा फाउंटनचं कारंजं आहे. नाव मात्र स्टेशनने उचललं. १८७० मध्ये चर्चगेट स्टेशन सुरू झालं. तेव्हा ते शेवटचं स्टेशन नव्हतं, गाडी पुढे कुलाब्यापर्यंत जाई. १९३० च्या अखेरीस कुलाबा बंद झालं आणि चर्चगेट शेवटचं स्टेशन झालं.

स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मुंबई विद्यापीठ होतं, १८५७ चं. पण विद्यापीठ असणं आणि आपली मुलगी तिथे पोचणं, यातही पाणजूसारखंच अंतर होतं. ते कमी करायला पुढे आले धोंडो केशव कर्वे. विधवा मुलींसाठी त्यांनी हिंगण्याला आश्रम चालवला होता. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, हा त्यांचा आग्रह. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तेच आपलं एस.एन.डी.टी.

आता एक योगायोग ऐका. १९२८ मध्ये विजेची लोकल बोरिवलीपर्यंत आली होती. आपल्या भागात, विरारपर्यंत, ती आली १९३६ मध्ये. आणि त्याच १९३६ मध्ये एस.एन.डी.टी.चं मुख्य ठाणं पुण्याहून मुंबईला हललं. आज ते चर्चगेट स्टेशनपासून चार पावलांवर आहे. पहिल्या लोकलनंतर जवळपास सत्तर वर्षांनी या रुळांच्या एका टोकाला आपण होतो आणि दुसऱ्या टोकाला बायकांचं विद्यापीठ.

पण मैत्रिणींनो, रूळ जुळले म्हणून मुली लगेच गेल्या असं नाही. आपल्याकडच्या बाया तेव्हाही गाडीत होत्याच, पण टोपली घेऊन. भाजी, फुलं, मासळी विकायला बाईने अंधारात गाडी धरली तर कुणी अडवलं नाही. लेक वही घेऊन निघाली की मात्र प्रश्न सुरू: परत कधी येणार? सोबत कोण? मी कॉलेजला जाऊ लागले तेव्हा पहिलं वर्षभर भाऊ स्टेशनपर्यंत सोडायला यायचा. आईने एकदाच सांगितलं, “मी टोपली घेऊन एकटी गेले, ही पुस्तक घेऊन जाईल.” दुसऱ्या दिवसापासून मी एकटी गेले.

५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठी अख्खी लोकल सुरू झाली. पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. लक्षात घ्या, वीज असो की लेडीज स्पेशल, आधी बोरिवली, मग आपण. जे मिळालं ते उशिरा मिळालं, आणि ज्या बाया रोज गर्दीत उभ्या राहिल्या त्यांच्यामुळे मिळालं.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक प्रश्न घ्या. आपल्या गटातल्या कुठल्या घरची मुलगी बारावीनंतर घरी बसली आहे? मार्कांमुळे बसली, की वाटेमुळे? वाटेमुळे असेल तर तो तिचा एकटीचा प्रश्न नाही. संध्याकाळची बस, रस्त्यावरचा दिवा, सोबतीला दुसरी मुलगी, यातलं बरंच गटाला जमण्यासारखं आहे. गाडी दीडशे वर्षांपूर्वीच आली. ती आपल्या लेकीसाठी थांबते की नाही, हे पाहणं आपल्या हातात आहे.