राणीछाप रुपया आणि ज्युबिलीचं पाणी

आपल्या पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजूनही एखादा राणीछाप रुपया निघतो. बरोबर एक तोळा वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी. आमच्या रोह्याच्या शाखेत कुणी ना कुणी असा रुपया घेऊन यायचं आणि विचारायचं, "साहेब, याचे किती येतील?" मी आधी त्यावरची अक्षरं वाचायचो. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असेल तर नाणं १८७६ पर्यंतचं. ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचं, म्हणजे बाई हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यावरचं.

ही राणी गादीवर बसली १८३७ साली आणि वारली १९०१ साली. त्रेसष्ट वर्षं! आपल्या सोसायटीच्या रौप्य महोत्सवाच्या निमित्ताने तिची आठवण काढण्याचं कारण एवढंच, की हा ‘ज्युबिली’ शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो तिच्यामुळे. शब्द मूळचा यहुदी लोकांचा. त्यांच्या धर्मग्रंथात पन्नासावं वर्ष पवित्र मानलेलं आहे. त्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा फुंकायचा, गुलामांना मोकळं करायचं आणि अडचणीपायी विकावी लागलेली जमीन मूळ कुटुंबाला परत द्यायची. आम्हा बँकवाल्यांच्या पोटात गोळा यावा असाच हा सण! पण त्यातली गोम लक्षात घ्या. मूळच्या ज्युबिलीत मिरवणं नव्हतं, देणं होतं.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा हिंदुस्थानात १६ फेब्रुवारी १८८७ रोजी सुवर्ण महोत्सव झाला. सभा, मानपत्रं, रोषणाई, शाळेतल्या मुलांना खाऊ असा एकंदर थाट. त्यातलं आज काय उरलं? मुंबईचं मोठं स्टेशन त्याच वर्षी ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ झालं. त्याला १९९६ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ही १८८७ चीच. १९९७ साली ती ‘वीरमाता जिजाबाई’ झाली. आद्याक्षरं तीच राहिली, म्हणून आपली मुलं आजही ‘व्हीजेटीआयला लागला’ असंच म्हणतात. पाट्या बदलल्या, पण गाड्या सुटतात आणि इंजिनिअर तयार होतात. म्हणजे रोषणाई विझली आणि उपयोगाचं तेवढं टिकलं.

दहा वर्षांनी, १८९७ साली, हीरक महोत्सव आला. या खेपेस वेळ वाईट होती. देशात दुष्काळ, आणि १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग निघालेला. माणसं जीव मुठीत धरून गावांकडे पळत होती. आपला मुलूख तेव्हा धरमतरच्या खाडीने मुंबईशी जोडलेला, त्यामुळे मुंबईची बातमी आणि मुंबईची धास्ती दोन्ही इकडे पोचायला वेळ लागत नसे. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला तेव्हा एक मूल घरात दुडदुडत होतं. जन्म ११ सप्टेंबर १८९५, नाव विनायक. पुढे त्यांनाच जग विनोबा म्हणून ओळखू लागलं.

पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबाने गोऱ्या सोजिरांना घराघरांत घुसवलं. लोक चिडलेले होते. अशात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावर, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, राणीच्या महोत्सवाची मेजवानी झाली. तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच्या मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला. पुढे चापेकर बंधू फासावर गेले. टिळकांना ‘केसरी’तल्या लेखनावरून राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. घरोघरी सुतक असताना दिवे लावले, की लोक त्या दिव्यांकडे कोणत्या नजरेने बघतात, हे त्या रात्रीने दाखवून दिलं.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. रोह्याच्या शेजारी मुरूड. तिथे जंजिऱ्याच्या नवाबाचं संस्थान. नवाब सिद्दी अहमदखान यांनी गारंबीच्या जंगलात धरण बांधून मुरूडला पाणी आणलं आणि त्या योजनेला नाव दिलं ‘व्हिक्टोरिया ज्युबिली वॉटर वर्क्स’. साहेबाला खूश करण्याचा हेतू त्यात असणारच, पण पाणी प्याले ते मुरूडकर. राणी गेली, साहेब गेला, संस्थान गेलं, पण गारंबीचं नाव अजून पाण्यासाठीच घेतात. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात शहाणी ज्युबिली हीच.

जाता जाता आमच्या खात्यातली एक गंमत. रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या काळच्या नोटेवर चित्र राणीच्या पणतूचं, सहाव्या जॉर्ज राजाचं, आणि खाली सही आपल्या सी. डी. देशमुखांची! चित्रातला राजा गेला आणि सहीवाला माणूस पुढे स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला.

तर सभासद बंधू-भगिनींनो, आता आपल्या पंचविशीकडे येतो. मांडव, ऑर्केस्ट्रा, जेवणावळ हे सगळं व्हावं, मी काही विघ्नसंतोषी नाही. पण जमलेल्या वर्गणीतला निम्मा वाटा गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरवेलमध्ये जिरवण्यासाठी ठेवावा, असं माझं म्हणणं आहे आणि सर्वसाधारण सभेतही मी ते मांडणार आहे. हेटवण्याचं धरण आपल्याच तालुक्यात, पाणी नवी मुंबईला, आणि खारेपाटातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन. हे चित्र आपण सगळे बघतो. मे महिन्यात आपल्या गेटवर टँकर उभा राहतो तेव्हा आपणही त्याच रांगेत असतो.

बँकवाला आहे, म्हणून हिशेबच देतो. गच्ची पाचशे चौरस मीटर धरा. आपल्याकडचा पाऊस वर्षाला साधारण तीन मीटर. म्हणजे पंधरा लाख लिटर. त्यातलं तीन लाख वाया गेलं म्हणा, तरी बारा लाख उरतं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर एकशे वीस टँकर. सगळं काही मे महिन्यापर्यंत पुरणार नाही, पण बोअरची पातळी धरून ठेवील.

पंचवीस वर्षांनी सुवर्ण महोत्सवाची स्मरणिका निघेल तेव्हा आमच्या पिढीतलं फारसं कुणी नसेल. त्या वेळी या वर्षीचा ऑर्केस्ट्रा कुणाला आठवणार नाही. पण मे महिन्यात नळ सोडल्यावर पाणी आलं, तर नातवंडं नक्की विचारतील, हे कुणी केलं? त्यांना सांगता यावं, ‘रौप्य महोत्सवाला केलं.’