श्रीवर्धन : पेशव्यांचें मूळ गांव

राळेगणसिद्धीच्या कोरड्या माळावर राहणाऱ्या माणसास समुद्राशीं आपला कांहीं संबंध असेल असें सहसा वाटणार नाहीं. परंतु १४९० मध्यें स्थापन झालेल्या नगरच्या निजामशाहीस कोंकणपट्टीवांचून गत्यंतर नव्हतें. अरबी घोडे समुद्रमार्गें येत. त्यासाठीं चौलसारखें बंदर हातीं असणें अवश्य होतें. त्याच राज्याचें दुसरें एक बंदर म्हणजे श्रीवर्धन. युरोपीय प्रवाशांनीं त्याचा उल्लेख ‘झिफर्दन’ असा केला आहे. १६३६ मध्यें निजामशाही बुडाली. श्रीवर्धन विजापूरकरांकडे गेलें व पुढें जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालीं आलें.

ह्या गांवची देशमुखी भट घराण्याकडे होती. गांवाच्या दक्षिणेस सावित्री नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं उत्तरेस हरिहरेश्वर, हें भटांचें कुलदैवत. दक्षिणेस वेळास, हें भानू घराण्याचें गांव. जमिनीवर सिद्दीचा अंमल आणि समुद्रावर आंग्र्यांचें वाढतें बळ, अशा स्थितींत देशमुखी सांभाळणें सोपें नव्हतें. आंग्र्यांशीं संधान असल्याचा संशय सिद्दीस आला आणि भटांना गांव सोडावें लागलें, असें परंपरा सांगते. भानूही त्यांच्याबरोबर घाट चढून देशावर आले.

पुढील कथा सर्वांस ठाऊक आहे. बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्यें पेशवे झाले. १७१९ मध्यें त्यांनीं दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणिल्या. त्याच स्वारींत बाळाजी महादेव भानू दिल्लीच्या दंग्यांत कामास आले. नाना फडणवीस हे त्यांचेच नातू. खाडीच्या दोन तीरांवरील दोन घराण्यांचा स्नेह असा तीन पिढ्या राज्यकारभारांत टिकला.

आतां एक विलक्षण गोष्ट पाहा. १७३३ मध्यें बाजीरावांनीं सिद्दीवर मोहीम काढिली. १७३६ मध्यें चिमाजीअप्पांनीं रेवासजवळ सिद्दी साताचा वध केला. १७५९ मध्यें नगरचा किल्लाही पेशव्यांस मिळाला. जेथून एके काळीं श्रीवर्धनवर हुकूम सुटत, तें ठाणें भटांच्या हातीं आलें. श्रीवर्धन मात्र अखेर सिद्दीकडेच राहिलें! १८१८ मध्यें पेशवाई संपली. जंजिरा संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां कोठें हें गांव सिद्दीच्या अमलांतून सुटलें.

मग गांवाचा इतिहास म्हणजे गेलेल्या घराण्याचाच इतिहास काय? बाळाजी विश्वनाथांचें स्मारक तेथें आहे, तें योग्यच आहे. परंतु जे मागें राहिले त्यांनींच गांव जागतें ठेविलें. पोफळीच्या वाड्या शिंपून त्यांनीं रोठा सुपारीचा लौकिक राखिला. गलबतें हांकारलीं, जाळीं टाकिलीं. कोंकणांतील बेने इस्राएल मंडळींनीं तर गांवाचें नांवच आपल्या कुळास जोडून घेतलें. श्रीवर्धनचे ते श्रीवर्धनकर, शेजारच्या दिवेआगरचे ते दिवेकर. मुंबईस, आणि पुढें इस्राएलांतही, हीं नांवें त्यांच्याबरोबर गेलीं.

राजघराण्यांचीं दप्तरें जतन झालीं. वाडीचे खरेदीखत, सुपारीच्या हिशेबाची वही, लग्नाची याद हीं मात्र घरोघरच्या पेट्यांत कसरीच्या तोंडीं पडत आहेत. आपल्या आडनांवांत जें गांव दडलें आहे, त्याचे असे कागद प्रत्येक कुटुंबानें आधीं उघडून वाचावेत. मोठ्या इतिहासांत न मावलेलें श्रीवर्धन त्यांतच सांपडेल.