उपाशीपोटी का?

‘उद्या सकाळी उपाशीपोटी या. बारा तास पाण्याशिवाय काही घेऊ नका.’ कोलेस्टेरॉलच्या तपासणीची ही सूचना आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. (इथे साबुदाण्याची खिचडीही चालत नाही!) पण ही अट कशासाठी? जेवणामुळे कोलेस्टेरॉल एकदम वाढते, असे उत्तर बहुधा मिळते. ते बरोबर नाही. एका जेवणाने रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल फारसे बदलत नाही. खरे कारण शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

कोलेस्टेरॉल आणि मेद पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून रक्तातून त्यांची वाहतूक प्रथिनांच्या वेष्टनातल्या सूक्ष्म कणांमधून होते. १९५० च्या सुमारास अमेरिकेत बर्कले येथे जॉन गॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान अपकेंद्री यंत्रात रक्तद्रव फिरवून हे कण घनतेनुसार वेगळे केले. त्यांपैकी कमी घनतेच्या, म्हणजे एलडीएल कणांमधील कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी संबंध आहे, हे पुढे स्पष्ट होत गेले. मात्र हे यंत्र महागडे आणि पद्धत वेळखाऊ. साध्या प्रयोगशाळेने एलडीएल मोजावे कसे?

१९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिकसन या तिघांनी यावर अंकगणिताचा तोडगा काढला. एकूण कोलेस्टेरॉल, जास्त घनतेच्या एचडीएल कणांमधील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हा मेद साध्या रासायनिक पद्धतींनी मोजता येत होता. अतिकमी घनतेच्या कणांमधील कोलेस्टेरॉल तेवढे उरले. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ते ट्रायग्लिसराइडच्या साधारण एक पंचमांश असते, असे त्यांनी मांडले आणि ४४८ जणांच्या नमुन्यांवर पडताळून पाहिले. सूत्र असे:

एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

समजा, दर १०० मिलिलिटरमागे एकूण कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम आहे. मग एलडीएल येईल २०० − ४० − ३० = १३० मिलिग्रॅम.

उपवासाची गरज दडली आहे ती या ‘भागिले पाच’मध्ये. जेवणानंतर आतडे अन्नातील मेद मोठमोठ्या कणांत भरून रक्तात सोडते. तेलकट जेवणानंतर रक्तद्रव दुधाळ दिसतो तो यांच्यामुळेच. या कणांत ट्रायग्लिसराइड भरपूर, कोलेस्टेरॉल अगदी थोडे. तिथे एक पंचमांशाचा हिशेब चुकतो, वजाबाकी जास्त होते आणि एलडीएल आहे त्याहून कमी दिसते. उपाशीपोटी रक्त घेण्याची पद्धत मेदाच्या तपासण्यांत आधीही होती; या सूत्राने ती पक्की केली. उपाशीपोटीही ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर सूत्र लागू पडत नाही.

पण चूक होते ती केवढी? कोपनहेगनमधील ३३ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरीने फार तर २६ मिलिग्रॅमने वाढले आणि एलडीएल ८ मिलिग्रॅमने कमी दिसले. २००९ पासून डेन्मार्कमधील प्रयोगशाळांनी उपवासाची अट सोडायला सुरुवात केली. २०१६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनीही नेहमीच्या तपासणीसाठी उपवास आवश्यक नाही, असे मत दिले. हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाची साखर उपाशी राहिल्याने धोकादायकपणे खाली जाऊ शकते. शिवाय उपवासाच्या कटकटीमुळे तपासणीच पुढे ढकलली जाते, ते वेगळेच.

म्हणून उपवास अगदीच निरुपयोगी ठरत नाही. जेवणानंतरच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ४४० च्या वर आढळले, तर उपाशीपोटी फेरतपासणी करावी, असे त्याच तज्ज्ञांनी सुचवले. त्याच वेळी उपाशीपोटीची साखरही पाहायची असेल, तर उपवास हवाच. तेव्हा सूचना मिळाली तर ती पाळावी, पाणी प्यावे, आणि मधुमेह असल्यास किंवा रोजची औषधे चालू असल्यास आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे.

वर्गात मुलांना वरच्या उदाहरणात ट्रायग्लिसराइड १५० ऐवजी १७५ घालायला सांगा. एलडीएल १२५ येईल; फरक अवघा ५. मग ४०० घालू द्या. एलडीएल एकदम ८० वर येईल. हे सूत्र कुठपर्यंत चालते आणि उपवासाची अट का आली, हे मुले त्यातून आपणच सांगतील.