विदर्भ कोणत्या विभागांत?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत दुलीप करंडकाच्या उपांत्य फेरींत पश्चिम विभाग व मध्य विभाग यांचे संघ बंगळूर येथें समोरासमोर आले, आणि त्याच सुमारास यवतमाळ येथील आमच्या स्नेहमंडळांत एक वाद उपस्थित झाला. निमित्त अगदींच किरकोळ होतें. मंडळांतील आठ गृहस्थांनीं घरांतील तरुण मुलांच्या नादानें कल्पित संघांचा खेळ मांडला होता. प्रत्येकानें खऱ्या खेळाडूंतून आपल्या मनाजोगा संघ कागदावर जुळवावयाचा, आणि त्या खेळाडूंनीं मैदानावर ज्या धावा काढल्या व जे गडी बाद केले त्यांवरून आपले गुण मोजावयाचे, असें त्या खेळाचें स्वरूप. आठ संघ झाल्यावर त्यांचे दोन गट पाडणें प्राप्त झालें, आणि तेथेंच माशी शिंकली.

मंडळांत पुण्याहून येऊन येथें स्थायिक झालेले एक निवृत्त अभियंते आहेत. त्यांनीं गटांस ‘पश्चिम’ व ‘मध्य’ अशीं नांवें सुचविलीं, स्वतःस अर्थातच पश्चिमेंत घातलें, आणि वणीकडील आमच्या एका कापसाच्या व्यापारी मित्रास मध्यांत ढकललें. ‘बोलतां मराठी आणि पंगतीला बसतां राजस्थान-उत्तर प्रदेशाच्या! हें काय गौडबंगाल आहे, शेटजी?’ असा वर चिमटाही काढला. शेटजी कसले ऐकतात! ‘आणि तुम्ही गुजराथ-सौराष्ट्राच्या पंगतीस बसून कोणती मराठी बोलतां, साहेब? बडोद्यापुरतें मात्र मान्य करतों,’ असें त्यांनीं उत्तर केलें. हशा झाला, पण शेटजींच्या स्वरांत थट्टेपलीकडचें कांहीं होतें तें आमच्या कानांतून सुटलें नाहीं. इतिहास शिकविण्यांत आमचा जन्म गेला, म्हणून निवाडा आमच्याकडे आला.

गट पाडण्याचें हें प्रकरण आपल्याकडील क्रिकेटच्या इतिहासांत फार जुनें आहे. मुंबईस १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने प्रतिवर्षीं होऊं लागले. १९०७ त हिंदू, १९१२ त मुसलमान व १९३७ त ‘इतर’ असे संघ दाखल होऊन तिरंगीची चौरंगी व चौरंगीची पंचरंगी झाली. मनुष्य कोठें राहतो व काय बोलतो याला तेथें किंमत नव्हती. तो कोणत्या देवळांत, मशिदींत वा गिरिजाघरांत जातो तेवढेंच पाहिलें जाई. विजय हजारे हे सांगलीस जन्मलेले. पण धर्मानें ख्रिस्ती, म्हणून त्यांचें स्थान ‘इतरां’त. १९४३ सालच्या अंतिम सामन्यांत हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० धावा काढल्या, आणि दुसऱ्या डावांत ‘इतरां’च्या ३८७ धावांपैकीं ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांनीं काढल्या. इतकें होऊनहि सामना हिंदूंनीं जिंकला. ज्या मराठी प्रेक्षकांनीं त्या खेळीवर टाळ्या पिटल्या, त्यांतील किती जणांनीं हजाऱ्यांस त्या दिवशीं परपक्षाचे मानलें असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १९४० च्या डिसेंबरांत गांधीजींनीं जातवार संघांस आपला विरोध स्पष्ट बोलून दाखविला होता. ही स्पर्धा कायमची बंद पडण्यास मात्र १९४६ साल उजाडावें लागलें.

१९३४ त सुरू झालेल्या रणजी करंडकानें धर्म सोडून प्रांत हा आधार धरला. ही सुधारणा मोठीच होय. परंतु प्रांत म्हणजे तरी काय? इंग्रजांनीं आपल्या सोयीनें ओढलेल्या रेघाच त्या. मराठी मुलुखाच्या वांट्यास तेव्हां मुंबई, महाराष्ट्र आणि मध्यप्रांत-वऱ्हाड असे संघ आले. यांतील महाराष्ट्र संघाची गंमत अशी, कीं तो महाराष्ट्र राज्यापेक्षां वयानें सव्वीस वर्षांनीं वडील आहे! राज्याचा पत्ता नव्हता तेव्हां प्रो. दि. ब. देवधर (आमच्याच धंद्याचे, संस्कृत शिकविणारे गृहस्थ) यांच्या नेतृत्वाखालीं ‘महाराष्ट्रा’नें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें तो करंडक जिंकला. त्या महाराष्ट्रांत यवतमाळ नव्हतें.

तें असणार तरी कसें? १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत गेला. १९०२ त सालीना पंचवीस लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला, आणि पुढच्याच वर्षीं तो मध्यप्रांतास जोडण्यांत आला. आमच्या जिल्ह्यास पूर्वीं वणीचें नांव होतें. तें १९०५ त जाऊन यवतमाळ झालें. (शेटजींस याचें अद्यापि वैषम्य वाटतें.) जिल्ह्याचा कापूस मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीनें मोठ्या लोहमार्गास लागून मुंबईकडे जाई, आणि अपील मात्र नागपुरास चाले. पोट पश्चिमेस व डोकें पूर्वेस, अशी ही स्थिति दोन पिढ्या होती. १९५० त मध्यप्रांत-वऱ्हाडाचें मध्य प्रदेश झालें तेव्हांही राजधानी नागपूरच राहिली. क्रिकेटमध्यें मध्य विभाग निराळा काढला तो १९५२-५३ त, म्हणजे याच काळांत.

पुढें १९५६ च्या १ नोव्हेंबरास विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत आले. तत्पूर्वीं फाजल अली आयोगानें १९५५ त विदर्भाचें स्वतंत्र राज्य करावें अशी शिफारस केली होती, आणि वणीचेच लोकनायक बापूजी अणे त्या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. १९६२ त ते नागपुरांतून लोकसभेवर निवडूनही गेले. उलट पक्षीं १९५३ च्या नागपूर करारावर विश्वास ठेवून संयुक्त महाराष्ट्राकडे आशेनें पाहणारेही येथें पुष्कळ होते. एकाच घरांत दोन भाऊ दोन मतांचे, असे प्रसंग आम्हीं वडिलांच्या तोंडून ऐकले आहेत. हा सगळा गलबला चालू असतांना १९५७-५८ त विदर्भाचा संघ रणजी करंडकांत उतरला, तो मध्य विभागांतच. राज्याची सरहद्द बदलली. खेळाची बदलली नाहीं. मोडलेल्या प्रांताचा नकाशा कचेऱ्यांतून नाहींसा झाला, पण क्रिकेटच्या गुणपत्रिकांत टिकून राहिला!

यांत विदर्भाचें नुकसान झालें काय? शेटजींचा प्रश्न खरोखर हाच होता. राष्ट्रीय निवड समितींत प्रत्येक विभागाचा एक सभासद असावा असा संकेत दीर्घकाळ चालत आला, आणि १९६१-६२ पासून दुलीप करंडकाचे संघही विभागवारच निघाले. त्यामुळें वऱ्हाडांतील होतकरू मुलाची तुलना पुण्या-मुंबईच्या मुलाशीं न होतां कानपूर, जयपूर, इंदूर येथील मुलांशीं होई. तरी हा तोटाच होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. पश्चिम विभागांत मुंबईचा संघ होता, आणि १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें करंडक त्यानें दुसऱ्या कोणास मिळूं दिला नाहीं. त्या वडाच्या सावलींत आमचें रोप कितपत वाढलें असतें? आमच्या पुणेकर मित्रांस हें ऐकून गुदगुल्या झाल्या. पण त्या काळांत त्यांच्या महाराष्ट्र संघालाहि याच सावलीनें ग्रासलें होतें, हें आम्हीं त्यांच्या नजरेस आणून दिलें.

शिवाय खरा खेळाडू विभागाला कोठें जुमानतो? कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ त नागपुरांतला, घराणें तेलुगू. ते मुंबईस हिंदूंकडून खेळले. १९२६ त पाहुण्या इंग्रज संघाविरुद्ध १५३ धावा काढतांना त्यांनीं अकरा षट्कार मारले. होळकर सरकारच्या आश्रयानें ते इंदूरचे झाले, १९३२ त लॉर्ड्सवर हिंदुस्थानचे पहिले कप्तान झाले, आणि उतारवयांत आंध्र व उत्तर प्रदेश यांच्याकडूनहि मैदानांत उतरले. त्यांस कोणत्या गटांत घालावें हें आमच्या मंडळांतील दोन्ही वकिलांस सांगतां आलें नाहीं.

रणजी करंडकांतील विभागवार साखळी २००२-०३ पासून गेली. तिच्या जागीं वरचा व खालचा असे वर्ग आले, आणि विदर्भाच्या वांट्यास बरींच वर्षें खालचा आला. मध्य प्रांत म्हणून मध्यांत बसणें निराळें, आणि कमी प्रतीचे म्हणून खालीं बसणें निराळें. दुसरें अधिक झोंबतें. म्हणूनच २०१७-१८ च्या मोसमांत फैज फजल यांच्या संघानें इंदूर येथें दिल्लीस नऊ गडी राखून हरविलें तेव्हां यवतमाळांत पेढे वांटले गेले. रजनीश गुरबानी यांनीं त्या अंतिम सामन्यांत लागोपाठ तीन गडी टिपले होते. ‘पण वासिम जाफर मुंबईचे आणि शिक्षक चंद्रकांत पंडित तेही मुंबईचेच!’ असें पुणेकर म्हणाले. ‘म्हणजे पुण्याचें कोणीच नव्हतें ना?’ असें शेटजींनीं विचारल्यावर तो मुद्दा तेथेंच राहिला. पुढच्या वर्षीं विदर्भानें नागपुरास सौराष्ट्राचा पराभव करून करंडक राखला. २०२४ त मात्र अंतिम सामन्यांत मुंबईनें वानखेडेवर त्यांस नमविलें. त्याची फेड २०२५ च्या उपांत्य सामन्यांत नागपुरास झाली, आणि केरळाविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भास तिसरा करंडक मिळाला.

बंगळूरच्या त्या सामन्यांत पश्चिमेच्या ऋतुराज गायकवाड यांनीं १८४ धावा काढल्या, तरीहि पहिल्या डावांत मध्य विभाग पुढें राहिला व अंतिम फेरींत गेला. अंतिम सामन्यांत विदर्भाच्या यश राठोड यांनीं १९४ धावा केल्या आणि दुलीप करंडक मध्याकडे आला. शेटजींनीं त्या संध्याकाळीं सर्वांस आग्रहानें चहा पाजला, आणि आपण मध्यांतच बरे आहोंत असें जाहीर केलें. आतां पुणेकर मित्र अडून बसले: गटांस हीं नांवें मुळींच नकोत!

शेवटीं आम्हीं असा निवाडा दिला, कीं गटांचीं नांवें जिल्ह्याच्या दोन सीमांवरून वाहणाऱ्या नद्यांचीं असावीं, एक वर्धा व दुसरा पैनगंगा, आणि कोण कोणत्या गटांत तें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. तें सर्वांनीं मानलें. डॉक्टरांच्या धाकट्या नातीनें चिठ्ठ्या उचलल्या. शेटजी व पुणेकर दोघेही पैनगंगेंत पडले. शेटजींचें शेत वर्धेच्या कांठीं आहे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार अद्यापि चालूच आहे.