डोळ्यात वाढलेले मांस : टेरिजियम की कर्करोग?

बुबुळाच्या कडेला मांस वाढले की बहुतेक वेळा ते टेरिजियम असते, आणि त्याने जिवाला धोका नसतो. पण त्याच जागी, तशाच दिसणाऱ्या रूपात स्क्वॅमस पेशींचा कर्करोग सुरू होतो. डोळ्याच्या पृष्ठभागावरील घातक गाठींपैकी ही जात सर्वांत जास्त आढळते. ती टेरिजियम समजून कापली गेली, कडेला रोगट पेशी राहिल्या आणि काढलेला तुकडा कचऱ्यात गेला, की पुढचे सगळे उपचार अवघड होतात.

जागा तीच असण्याला कारण आहे. पांढऱ्या भागावरचे पारदर्शक आवरण, म्हणजे कंजंक्टायव्हा, आणि कॉर्निया जिथे मिळतात त्या लिंबसच्या पट्ट्यात कॉर्नियाच्या मूळ पेशी असतात. त्या आयुष्यभर विभागत राहतात. पापण्या उघड्या असताना या पट्ट्याच्या नाकाकडच्या आणि कानाकडच्या बाजूंवर थेट ऊन पडते. अतिनील किरण डीएनए बिघडवतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली असेल तर बिघडलेल्या पेशी आटोक्यात राहत नाहीत. म्हणूनच आफ्रिकेत एचआयव्हीच्या साथीबरोबर हा रोग तरुणांमध्ये वाढला. तरुण रुग्णात अशी गाठ दिसली तर एचआयव्हीची तपासणी करायलाच हवी. लहान मुलात दिसली तर झिरोडर्मा पिगमेंटोसम हा आनुवंशिक विकार आहे का, ते पाहावे.

स्लिट लॅम्पखाली पाहताना संशय यावा अशी लक्षणे ठरलेली आहेत : जेलीसारखा किंवा खडबडीत उंचवटा, वर केराटिनचा पांढरा थर, आत शिरणाऱ्या जाड, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या. रोझ बेंगॉल रंगाचा थेंब टाकला की रोगट भाग गुलाबी होतो आणि नजरेला न दिसलेली कड उघड होते. डोळ्याच्या पुढच्या भागाचे ओसीटी, म्हणजे प्रकाशाने थरांचा छेद दाखवणारी तपासणी, आणखी नेमके सांगते. निरोगी कॉर्नियावरचा पेशीथर जेमतेम ५० मायक्रॉन असतो. कर्करोगात तोच थर जाड, पांढराशुभ्र दिसतो आणि निरोगी थरापासून एकदम तुटल्यासारखा वेगळा होतो. टेरिजियममध्ये जाडी पेशीथराच्या खाली असते. तरी अंतिम शब्द पॅथॉलॉजिस्टचाच. रोगट पेशींनी पेशीथराखालचे तळपटल ओलांडले आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळते आणि सगळे त्यावर ठरते.

रंगद्रव्य असलेल्या गाठीत मेलॅनोमा आणि गुलाबी, मऊ, सपाट गाठीत लिम्फोमा मनात ठेवावा. त्यांच्या उपचारांचे मार्ग वेगळे आहेत.

स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात पहिली शस्त्रक्रिया हीच रोग मुळासकट काढण्याची उत्तम संधी. दिसणाऱ्या कडेपलीकडे ३ ते ४ मिलिमीटर निरोगी ऊती घेऊन गाठ अखंड काढतात आणि तिला चिमट्याने धरत नाहीत, कारण सुटलेल्या पेशी दुसरीकडे रुजू शकतात. कॉर्नियावरचा पेशीथर अल्कोहोलने सैल करून सोलतात. उरलेल्या कडा दोनदा गोठवून वितळू देतात. त्यानंतर उपकरणे बदलतात आणि मग जखमेवर गर्भवेष्टनाचा पडदा बसवतात. काढलेला तुकडा कागदावर सपाट पसरून, दिशा नोंदवून, मगच फॉर्मेलिनमध्ये सोडावा. गुंडाळला गेला तर कडा मोकळ्या आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. माझ्या मते साध्या टेरिजियमचाही तुकडा तपासायला पाठवावा. त्याचा खर्च कितीही जाणवला तरी डोळा गमावण्यापुढे तो किरकोळ आहे.

रोग वरच्या थरापुरता असेल तर थेंबांनीही बरा होतो. १ टक्का ५-फ्लुओरोयुरॅसिल एक आठवडा घालून तीन आठवडे थांबायचे, अशी आवर्तने करतात. मायटोमायसिन-सी परिणामकारक आहे, पण लिंबसच्या मूळ पेशींना मारक. इंटरफेरॉन आल्फा-२बी सर्वांत सौम्य. मात्र महिनोन्‌महिने, दिवसातून चार वेळा घालावे लागते, फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि मिळणेही कठीण झाले आहे. पसरट किंवा पुन्हा उद्भवलेल्या रोगात थेंब विशेष उपयोगी. गाठ खाली श्वेतपटलाला चिकटली असेल, हलवून हलत नसेल, तर केवळ थेंबांवर विसंबू नये.

अशा खोल गेलेल्या रोगात रुथेनियम-१०६ ची चकती गाठीच्या जागी शिवून किरणोत्सार देता येतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ती देशातच तयार केली आहे. त्यामुळे डोळा काढण्याची वेळ काही रुग्णांवर तरी टळू शकते. रोग काही वर्षांनंतरही उलटू शकतो, म्हणून प्रत्येक भेटीत पापणी उलटून पाहावी आणि कानापुढच्या व जबड्याखालच्या लसीका ग्रंथी बोटांनी चाचपाव्यात.