घडीचे चाकू : निर्मातृचिन्हे व कालनिर्णय

घडीचे चाकू : ज्यांचे पाते मुठीत मिटवून चाकू खिशात बाळगता येतो असे लहान चाकू. त्यांच्या पात्यांवर उमटविलेल्या निर्मातृचिन्हांवरून त्यांचा उगम व काळ ठरविणे हा हस्तव्यवसायांच्या इतिहासाचा, तसाच संग्राहकांच्या आवडीचा विषय आहे. घडीचा चाकू रोमन काळापासून ज्ञात आहे. परंतु मुठीच्या पाठीतील पोलादी कमानीच्या दाबाने पाते उघडे किंवा मिटलेले राहील, अशी आजची परिचित रचना यूरोपात सतराव्या शतकात रूढ झाली. पुढे पिसांची लेखणी तासण्यासाठी त्याचे छोटे रूप प्रचारात आले. इंग्रजीत लहान चाकूला लेखणीवरूनच नाव पडले आहे. महाराष्ट्रात बोरू तासण्यासाठीही असा चाकू वापरीत.

पात्याच्या बुडाशी, खिळ्यालगत, धार नसलेला एक सपाट भाग असतो. त्यास ‘टँग’ म्हणतात. निर्मात्याचा ठसा बहुधा येथेच आढळतो. पोलाद कडक करण्यापूर्वी, ते मऊ असताना, हा ठसा पोलादी छापणीने ठोकून उमटवीत. म्हणून तो खोल असतो आणि पाते झिजले तरी टिकतो. पात्याच्या बाजूवर आम्लाने कोरलेला मजकूर मात्र उथळ असून थोड्याच वापराने पुसट होतो. तो स्पष्ट दिसत असल्यास चाकू फारसा वापरलेला नाही असे समजावे. या दोन खुणांची गल्लत करू नये.

निर्मातृचिन्हाकडे पाहताना मूलभूत गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती ही की ते कालदर्शक म्हणून निर्माण झालेले नाही. ती एक मालमत्ता होती. ती वारशाने मिळे, विकली जाई, दुसऱ्याच्या हाती जाऊन शतकानुशतके चाले. त्यामुळे चिन्ह ज्या वर्षी नोंदले गेले ते वर्ष चाकूच्या काळाची केवळ पूर्वमर्यादा सांगते. तो त्यानंतर केव्हाही झालेला असू शकतो. जुन्या चाकूंच्या विक्रेत्यांनी दिलेल्या तारखांमधील बहुसंख्य चुका या एका बाबीच्या विस्मरणातून होतात.

इंग्लंडमधील शेफील्ड हे नगर या विषयाचे मुख्य क्षेत्र होय. चॉसरच्या चौदाव्या शतकातील काव्यातही शेफील्डच्या चाकूचा उल्लेख आहे. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्स्ली व रिव्हलिन या नद्यांच्या पाण्यावर तेथील धार लावण्याची चाके फिरत. सोळाव्या शतकात कारागिरांना चिन्हे देण्याचे काम जहागिरीच्या न्यायसभेकडे होते. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशर’ ही संस्था स्थापन झाली आणि चिन्हांची नोंद तिच्याकडे आली. १८१४ च्या कायद्याने व्यवसायावरील निर्बंध उठले व संस्थेचा सभासद नसलेल्यासही धंदा करता येऊ लागला. साहजिकच चिन्हांची संख्या वाढली.

जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याचे तारा व माल्टा क्रूस हे चिन्ह या संदर्भात बोधप्रद आहे. ते प्रथम १६८२ मध्ये दिले गेले, पण रॉजर्स घराण्याला नव्हे. त्या घराण्याकडे ते १७६४ मध्ये आले. म्हणजे हे चिन्ह पाहून चाकू सतराव्या शतकातील मानणे जसे चूक, तसेच ते पाहताच चाकू रॉजर्सचा समजून त्याचा काळ मागे नेणेही चूक. जॉर्ज वॉस्टनहोम या दुसऱ्या प्रसिद्ध कारखान्याच्या ‘आय एक्स एल’ या चिन्हाचीही तीच कथा आहे. ही अक्षरे उच्चारली असता इंग्रजीत ‘मी सरस आहे’ असा अर्थ निघतो. ते १७८७ मध्ये दुसऱ्याच कारागिराला मिळाले होते. वॉस्टनहोमने ते १८२६ मध्ये मिळविले. या कारखान्याचा व्यापार मुख्यतः अमेरिकेशी असल्याने त्याने १८४८ मध्ये घेतलेल्या नव्या वास्तूला ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असे नाव दिले. त्यापूर्वी तो ‘रॉकिंगहॅम वर्क्स’मध्ये होता. पात्यावर यांपैकी कोणते नाव आहे यावरून काळ बराच आवळता येतो.

चिन्हापेक्षा त्याच्या सभोवतालचा मजकूर अधिक बोलका असतो. १८२२ मध्ये रॉजर्सला राजाश्रयाचे मानपत्र मिळाले आणि पात्यावर मुकुटासह राजाची आद्याक्षरे येऊ लागली : चौथा जॉर्ज (कार. १८२०–३०) याच्या काळी जी. आर., चौथा विल्यम (कार. १८३०–३७) याच्या काळी डब्ल्यू. आर., व्हिक्टोरियाच्या काळी (कार. १८३७–१९०१) व्ही. आर. आणि सातवा एडवर्ड (कार. १९०१–१०) याच्या काळी ई. आर. यांपैकी विल्यमची अक्षरे असलेला चाकू सात वर्षांच्या मर्यादेत बसतो व म्हणून मोलाचा ठरतो. व्हिक्टोरियाची अक्षरे मात्र चौसष्ट वर्षांचा काळ व्यापतात. जी. आर. ही अक्षरे तर सर्वाधिक फसवी आहेत, कारण पाचवा जॉर्ज (कार. १९१०–३६) व सहावा जॉर्ज (कार. १९३६–५२) यांचीही तीच आद्याक्षरे होत. या दोघांच्या काळातील चाकू चौथ्या जॉर्जच्या काळचा म्हणून खपविणे म्हणजे तो शंभर वर्षांनी म्हातारा करणे होय. अशा वेळी इतर खुणा पाहाव्यात. रॉजर्सचा कारखाना १८७१ मध्ये मर्यादित कंपनी झाला. म्हणून नावापुढे ‘लिमिटेड’ हा शब्द वा त्याचे संक्षिप्त रूप असल्यास चाकू त्यानंतरचा. हॅरी ब्रिअर्ली याने शेफील्ड येथे गंजरोधी पोलाद १९१३ मध्ये तयार केले. तेव्हा पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द दिसला की चौथ्या जॉर्जचा प्रश्नच उरत नाही.

देशाच्या नावावरून होणारा कालनिर्णय सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत निष्काळजीपणेही तोच केला जातो. जर्मनीतील झोलिंगेन येथील काही कारखानदार आपल्या पात्यांवर शेफील्डचे नाव ठोकून ती विकीत. त्याविरुद्ध शेफील्डकरांनी केलेल्या ओरडीचा परिणाम म्हणून १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये व्यापारी माल चिन्ह अधिनियम मंजूर झाला व फसवे नाव असलेल्या परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे आवश्यक ठरले. हिंदुस्थानात तशाच प्रकारचा अधिनियम १८८९ मध्ये झाला. अमेरिकेने १८९० च्या मॅक्किन्ली जकात अधिनियमान्वये आयात मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत घालण्याची सक्ती केली. तिचा अंमल १८९१ पासून सुरू झाला. यावरून ‘इंग्लंड’ हा शब्द असलेला चाकू सामान्यतः १८९१ नंतरचा, हा नियम संग्राहकांत रूढ झाला आणि तो बहुतांशी बरोबरही आहे. पण त्याचा व्यत्यास खरा नाही. अमेरिकेचा कायदा अमेरिकेत उतरणाऱ्या मालाला लागू होता. इंग्लंडमध्येच विकल्या जाणाऱ्या किंवा मुंबई-कलकत्त्यास येणाऱ्या शेफील्डच्या चाकूवर ‘इंग्लंड’ घालण्याचे बंधन त्या कायद्याने येत नव्हते. महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या घराच्या पेटीत सापडलेल्या चाकूवर तो शब्द नाही, एवढ्यावरून तो १८९१ पूर्वीचा ठरविता येत नाही. अमेरिकन संग्राहकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका येथे जशाच्या तशा वापरल्याने ही चूक वारंवार होते.

झोलिंगेनची परंपराही जुनी आहे. हेंकेल्स घराण्याचे ‘जुळे’ हे चिन्ह तेथील चाकूकारांच्या संघाकडे १७३१ मध्ये नोंदले गेले व ते आजही वापरात आहे. १९३८ मध्ये ‘झोलिंगेन’ या नावालाच जर्मनीत कायद्याचे संरक्षण मिळाले. ‘वेस्ट जर्मनी’ हे शब्द १९४९ ते १९९० या काळाचे, तर ‘ऑक्युपाइड जपान’ हे शब्द १९५२ पूर्वीच्या काही वर्षांचे निदर्शक होत. फ्रान्समधील ओपिनेलच्या चाकूवरील मुकुटधारी हात १९०९ पासूनचा आहे. स्विस सैनिकांच्या ॲल्युमिनियमच्या मुठीच्या चाकूंवर वर्षाचे शेवटचे दोन अंकच ठोकलेले असत. ब्रिटिश सैन्याच्या चाकूंवर बाणाच्या खुणेसोबत पुष्कळदा वर्ष असते. लष्करी चाकूंच्या बाबतीत त्यामुळे तर्काला फारसा वाव राहात नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथील केस कंपनीच्या ठशांचा अभ्यास विशेष बारकाईने झाला आहे. तिचा ‘केस टेस्टेड डबल एक्स’ हा ठसा सु. १९२० ते १९४० या काळातील, नुसता ‘केस डबल एक्स’ १९४० ते १९६४ मधील आणि त्याखाली ‘यू. एस. ए.’ असलेला १९६५ ते १९६९ मधील होय. १९७० मध्ये कंपनीने ठशाखाली दहा टिंबे घातली व दरवर्षी एक टिंब कमी करीत १९७९ मध्ये एकच ठेवले. १९८० मध्ये ‘केस’मधील एस हे अक्षर विजेच्या आकाराचे करून पुन्हा दहा टिंबांपासून आरंभ केला. चिन्हाचा हेतुपुरस्सर कालदर्शक म्हणून झालेला हा उपयोग अपवादात्मक आहे. मात्र या सुबक व्यवस्थेनेच बनावटीला वाट करून दिली. टिंबे घासून काढली की १९७० नंतरचा चाकू १९६५–६९ मधील दिसू लागतो, ‘यू. एस. ए.’ ही अक्षरेही घासली, तर तो आणखी मागे जातो. शेफील्डच्या बनावटीत खोटा ठसा ठोकावा लागे, येथे खरा ठसा पुसूनच काम भागते. अशा चाकूत टँगचा घासलेला भाग किंचित पातळ, खोलगट किंवा अधिक चकचकीत दिसतो. अनेक पात्यांच्या चाकूत टँगांची जाडी परस्परांशी ताडून पाहणे ही साधी व विश्वसनीय कसोटी आहे. रेमिंग्टन कंपनीने १९४० च्या सुमारास थांबविलेल्या चाकूंचे काही नमुने १९८२ पासून पुन्हा काढण्यात आले. त्यांत फसवणुकीचा उद्देश नसला, तरी नवशिक्याला ते गोंधळात टाकतात.

चिन्ह निर्मात्याचेच असते असेही नाही. शेफील्डमध्ये पाते घडविणारा, त्याला धार लावणारा आणि चाकू जोडणारा हे बहुधा वेगवेगळे कारागीर असत. त्यांतील कित्येक भाड्याच्या खोलीत स्वतंत्रपणे काम करीत व एकाहून अधिक कारखान्यांना माल देत. ठसा कारखान्याचा उमटे, कारागिराचे नाव कोठेच राहात नसे. दगडाच्या व पोलादाच्या धुळीने धार लावणाऱ्यांची फुप्फुसे निकामी होऊन ते अकाली मरत. ज्या नावांसाठी आज संग्राहक मोठी किंमत मोजतात, त्या नावांमागे हे अनामिक लोक आहेत. अमेरिकेत लोखंडी सामानाचे मोठे व्यापारीही इतरांकडून चाकू करवून त्यांवर आपले नाव घालीत. सेंट लूइस येथील सिमन्स या पेढीचे ‘कीन कटर’ हे त्याचे ठळक उदाहरण.

म्हणून ठशाची साक्ष चाकूच्या इतर अंगांशी जुळवून पाहावी लागते. सेल्युलॉइड १८७० च्या सुमारास अवतरले. त्याच्या मुठीचा चाकू त्यापूर्वीचा असणे शक्य नाही. मूठ, खिळे व कमान एकाच काळची आहेत काय, दोन पात्यांची झीज सारखी आहे काय, पाते मूळ लांबीचे आहे की धार लावून आखूड झाले आहे, मिटल्यावर ते मुठीत नीट बसते काय, हे पाहावे. खरा ठसा आणि पालटलेले पाते असे संयोग पुष्कळ आढळतात. जुन्या पात्यावरील करडी छटा पॉलिशने घालविणे हे संग्राहकाकडून होणारे सर्वांत मोठे नुकसान होय. चकाकीबरोबर ठशाच्या कडाही बोथट होतात व पुढील अभ्यासकाचा पुरावा नाहीसा होतो. पातळ तेलाचा हात पुरेसा असतो. चामड्याच्या वेष्टनात चाकू दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामड्यातील आम्लांश पोलादाला खातो. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे ठेवावेत. ते कुजू लागले की त्यांतून निघणारे आम्लधर्मी वायू शेजारच्या पात्यांनाही गंजवितात.

मुठीच्या द्रव्यांमुळे संग्रहाला कायद्याचीही बाजू आहे. यूरोप-अमेरिकेतील अनेक उत्तम चाकूंच्या मुठी भारतातून जाणाऱ्या सांबरशिंगांच्या असत, तर रॉजर्सचा कारखाना त्याच्या हस्तिदंताच्या प्रचंड साठ्याबद्दल प्रसिद्ध होता. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी या दोन्ही द्रव्यांच्या व्यापारावर बंदी आणली आहे. आंतरराष्ट्रीय हस्तिदंतव्यापारावरील बंदी १९९० पासून अंमलात आली आणि ब्रिटनच्या २०१८ च्या हस्तिदंत अधिनियमाने, काही अपवाद वगळता, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्रीही रोखली. त्यामुळे व्हिक्टोरियाकालीन हस्तिदंती चाकूचे मूल्य बाजारात ठरणे अवघड झाले असून असे नमुने बहुशः वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. शेफील्ड येथील केलम आयलंड वस्तुसंग्रहालयातील हॉली संग्रहात पुऱ्या झालेल्या चाकूंखेरीज अवजारे व अर्धवट घडविलेली पातीही जतन केली आहेत.